नव्या मोटरसायकलचा फिल्टर, सायलेन्सर आणि फ्युएल मॅप: ठाणे-नवी मुंबईच्या चालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान 150 ते 450 सीसीच्या, इंजेक्टरवर चालणाऱ्या बीएस6 (धुराचं सरकारी मानक) गाड्यांसाठी आहे. सगळ्या उत्तरांमागे एकच आग्रह आहे: हवा वाढवली की पेट्रोल त्या हिशोबाने बसवायलाच हवं, आणि ते नजरेने किंवा आवाजाने नाही, मोजून बसवायचं.

गाडी कालच शोरूममधून आणली. काम लगेच सुरू करू का?

नको. पहिली सर्व्हिस होऊ द्या. ती बहुतेक गाड्यांना 500 ते 1000 किलोमीटरवर असते. तोवर पिस्टनच्या रिंगा सिलेंडरला बसत असतात आणि ऑइलमध्ये धातूचा बारीक चुरा उतरत असतो. या काळात पिकअप रोज थोडा बदलतो, त्यामुळे फरक फिल्टरमुळे पडला की इंजिन मोकळं झाल्यामुळे, हे कळणारच नाही.

तोवर एक काम मात्र करून ठेवा. गाडी आज कशी आहे याची नोंद घ्या. रविवारी पहाटे मोकळा, सपाट रस्ता बघा, तिसऱ्या गिअरमध्ये 30 च्या वेगाला गाडी स्थिर धरा, पूर्ण रेस द्या आणि 60 पर्यंत जाऊ द्या. मोबाइलवर मीटरचं चित्रण घेतलं की सेकंद नंतर मोजता येतात. दोन्ही दिशांना तीन-तीन वेळा करून सरासरी काढा, म्हणजे वारा आणि चढ-उतार वजा होतात. टायरची हवा, पाठीवरची बॅग, टाकीतलं पेट्रोल दर वेळी तेवढंच ठेवा. टाकी काठोकाठ भरून दोन वेळा ॲव्हरेजही काढा. या आकड्यांशिवाय नंतरची सगळी चर्चा «मला तर फरक वाटतोय» एवढ्यावरच थांबते.

कंपनीने गाडी मुद्दाम दाबून ठेवलेली असते, हे खरं का?

अर्धं खरं. 1 एप्रिल 2020 पासून बीएस6 आलं आणि सायलेन्सरच्या मार्गात थ्री-वे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातले विषारी वायू कमी करणारी जाळी) व ऑक्सिजन सेन्सर अशी जोडी पक्की झाली. कन्व्हर्टर नीट काम करायला मिश्रण अचूक लागतं: जेवढं पेट्रोल तेवढीच ते पूर्ण जाळणारी हवा. या प्रमाणाला लॅम्डा 1 म्हणतात. सेन्सर साधारण 0.1 ते 0.9 व्होल्टच्या मध्ये सतत वर-खाली होत राहतो, आणि 0.45 च्या आसपासचा बिंदू धरून ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, पेट्रोल क्षणाक्षणाला कमी-जास्त करतो. एका वेगाने निवांत चालवताना गाडी याच फेऱ्यात असते.

पूर्ण रेस दिली की ईसीयू सेन्सरकडे दुर्लक्ष करतो आणि साठवलेल्या तक्त्यावरून, म्हणजेच फ्युएल मॅपवरून, पेट्रोल सोडतो. तो तक्ता कंपनीच्या फिल्टर-सायलेन्सरसाठी लिहिलेला असतो. म्हणून नवा फिल्टर टाकल्यावर सिग्नलला आणि सावकाश चालवताना सगळं सुरळीत वाटतं, आणि गायमुखच्या चढावर पूर्ण रेस दिली की मिश्रण लीन होतं, म्हणजे हवा जास्त आणि पेट्रोल कमी. तुमचं ट्युनिंग मुख्यतः याच दुसऱ्या भागासाठी असतं.

कोणता फिल्टर घ्यावा?

आधी गरज मोजू. 349 सीसीचं सिंगल सिलेंडर इंजिन 6100 आरपीएमला दर मिनिटाला 3050 वेळा हवा ओढतं. सिलेंडर प्रत्येक वेळी पूर्ण भरला असं धरलं तरी ही हवा मिनिटाला साधारण 1065 लिटर होते. स्वच्छ कागदी फिल्टर एवढी हवा फारसा अडथळा न करता देतो. अडथळा येतो तो फिल्टर धुळीने भरल्यावर. घोडबंदर रोडवर मेट्रो 4 च्या कामाची धूळ, तुर्भे-महापे पट्ट्यातले डंपर, ठाणे-बेलापूर रोडची वर्दळ, या मार्गांवर रोज जाणाऱ्यांनी मॅन्युअलमधलं फिल्टर बदलायचं अंतर निम्मं धरावं. कित्येक गाड्यांचा गेलेला पिकअप नुसत्या नव्या कागदी फिल्टरने परत येतो.

बऱ्याच कंपन्यांचा कागदी फिल्टर तेलकट असतो. त्याला कॉम्प्रेसरने हवा मारू नका आणि धुऊही नका. तेलाचा थर उडाला की तो धूळ धरतच नाही. तो फक्त बदलायचा.

बदलायचाच असेल तर कंपनीच्याच डब्यात, त्याच मापाचा बसणारा कॉटनचा धुता येणारा फिल्टर घ्या. कोनच्या आकाराचा उघडा फिल्टर आपल्याकडे घेऊ नका. तो टाकीखालची गरम हवा ओढतो, आणि गरम हवा विरळ असते. जुलैत मुंब्रा बायपासवर ट्रकने उडवलेलं पाणीही तो सरळ थ्रॉटल बॉडीपर्यंत, म्हणजे इंजिनच्या हवेच्या झडपेपर्यंत, नेतो. पाणी सिलेंडरमध्ये गेलं तर ते दाबलं जात नाही. कनेक्टिंग रॉड वाकतो.

कॉटनचा फिल्टर कसा धुवायचा?

धुण्याचं खास लिक्विड दोन्ही बाजूंना फवारा आणि 10 मिनिटं थांबा, पण ते फिल्टरवर वाळू देऊ नका. मग नळाची धार बारीक ठेवून स्वच्छ बाजूकडून मळक्या बाजूकडे पाणी सोडा. उलट सोडलं तर माती धाग्यांच्या आत रुतते. झटकून सावलीत उभा ठेवा. हेअर ड्रायर नको, कॉम्प्रेसर नको. पावसाळ्यात आपल्या दमट हवेत वाळायला पूर्ण दिवस लागतो, म्हणून कंपनीचा जुना फिल्टर टाकू नका. तोवर तोच लावून गाडी चालवा.

वाळल्यावर प्रत्येक घडीच्या कडेवर लाल तेलाची एक बारीक रेघ ओढा. 20 मिनिटांनी उजेडात धरून बघा. जिथे कापड पांढरं दिसेल तिथेच एक थेंब अजून द्या. तेल ओघळत असेल तर जास्त झालं. ते थ्रॉटल बॉडीत उतरतं, तिथे धूळ धरून काळा थर होतो आणि गाडी सिग्नलला बंद पडू लागते.

एअरबॉक्सला भोकं पाडली किंवा डबाच काढला तर?

या डब्याचं काम नुसतं फिल्टर धरून ठेवण्याचं नाही. त्याची जागा, तोंडाची नळी आणि आतला आकार इंजिनच्या श्वासाच्या लहरींशी जुळवलेला असतो, आणि मधल्या आरपीएमचा जोर त्यातून येतो. भोकं पाडली की इनटेकचा घुरघुर आवाज वाढतो. तो आवाज ताकदीसारखा ऐकू येतो, पण घड्याळात 30 ते 60 चा वेळ उलट वाढलेला दिसू शकतो.

शिवाय डबा आणि इनटेकच्या या भागात काही नळ्या येतात: क्रँककेसमधली वाफ परत नेणारी ब्रीदरची नळी, आणि सायलेन्सरच्या तोंडाशी ताजी हवा सोडणाऱ्या व्हॉल्व्हची नळी. टाकीतली पेट्रोलची वाफ धरणाऱ्या कॅनिस्टरची नळी इंजिनच्या इनटेककडे जाते. डबा काढणारे यातली एखादी उघडी तरी सोडतात किंवा बोल्ट कोंबून बंद करतात. ब्रीदर बंद झाला तर क्रँककेसमधला दाब ऑइल सील ढकलतो आणि महिन्याभरात इंजिनच्या खाली तेलाचा ओला पट्टा दिसतो.

स्लिप-ऑन घ्यावा की फुल सिस्टिम?

रोजच्या रस्त्यासाठी स्लिप-ऑन. स्लिप-ऑनमध्ये फक्त शेवटचा डबा बदलतो, इंजिनमधून निघणारा बेंड पाइप तोच राहतो. बऱ्याच बीएस6 गाड्यांत कन्व्हर्टर बेंड पाइपमध्येच किंवा इंजिनखालच्या चेंबरमध्ये असतो, त्यामुळे तो जागेवर राहतो. पण हे गृहीत धरू नका. काही गाड्यांत तो शेवटच्या डब्यातही असतो. पैसे देण्याआधी तुमच्या मॉडेलचं पार्ट्सचं चित्र पाहून खात्री करा.

स्लिप-ऑनचा खरा फायदा वजनाचा. कंपनीचा जड डबा जाऊन हलका आला की गाडी वळवताना हात लगेच ओळखतो. ताकदीची वाढ त्या मानाने अगदी थोडी असते.

फुल सिस्टिममध्ये बेंड पाइपसकट सगळं बदलतं आणि बहुधा कन्व्हर्टर जातो. ती रेस ट्रॅकसाठी. रस्त्यावर ती पीयूसी, आरटीओ आणि शेजारी तिघांनाही चालत नाही.

बॅक प्रेशर गेला की जोर जातो, असं गॅरेजमध्ये सांगतात. बरोबर?

जोर जातो हे बरोबर, कारण चुकीचं. इंजिनला मागून दाब कधीच नको असतो. हवा असतो तो वेग. जळलेला वायू पाइपमधून वेगाने निघाला की त्याच्या मागे कमी दाबाची लहर तयार होते, आणि ती सिलेंडरमधला उरलेला धूर ओढून घेते. पाइप फार रुंद झाला की वेग मंदावतो आणि ही ओढ जाते, विशेषतः 3000-4000 आरपीएमला. माजिवड्याच्या ट्रॅफिकमध्ये गाडी नेमकी तिथेच चालते. डीबी किलर, म्हणजे डब्याच्या तोंडातली आवाज कमी करणारी नळी, काढल्यावरही हेच होतं: आवाज मोठा, खालचा जोर कमी.

सायलेन्सर बसवताना चुका कुठे होतात?

बहुतेक चुका पॅकिंगमध्ये आणि घट्ट करण्याच्या क्रमात होतात.

काम पूर्ण थंड गाडीवर करा. स्टडच्या नटांवर आदल्या रात्री गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवा. ऑक्सिजन सेन्सर काढायचा असेल तर आधी त्याचा कनेक्टर सोडवा, नंतरच पाना लावा. नाहीतर सेन्सरबरोबर वायर पीळ खाऊन आतून तुटते. बेंड पाइप उतरवला तर इंजिनच्या तोंडातली जुनी पॅकिंग रिंग वाकड्या तारेने उचकटून काढा. ती एकदा चेपली की पुन्हा बसत नाही, आणि जुनीवर नवी बसवली तर पाइप तिरका बसतो.

सगळे भाग आधी ढिले अडकवा. मग इंजिनकडचे दोन नट आलटून-पालटून, अर्धा-अर्धा फेरा देत घट्ट करा. त्यानंतर जोडाचा क्लॅम्प, आणि सगळ्यात शेवटी फ्रेमकडचा लटकवणारा बोल्ट. उलट क्रमाने गेलात तर पाइप ताणात राहतो आणि काही महिन्यांत ब्रॅकेटच्या वेल्डिंगशी तडा जातो. टॉर्कचा, म्हणजे नट किती जोराने आवळायचा याचा, आकडा तुमच्या सर्व्हिस मॅन्युअलमधून घ्या. अंदाजाने ओढलं तर ॲल्युमिनियम हेडमधला स्टड आट्यांसकट बाहेर येतो. सेन्सरच्या आट्यांना अँटी-सीझ पेस्ट लावा, टोकाला अजिबात लागू देऊ नका.

सुरू करण्याआधी स्टीलचा पाइप थिनरच्या फडक्याने पुसा. बोटांचे ठसे तापल्यावर कायमचे भाजून निघतात. पाच मिनिटं चालवा, पूर्ण थंड होऊ द्या, नट पुन्हा तपासा. 100 किलोमीटरनंतर एकदा परत.

रेस सोडली की फटाके वाजतात. हे बरं की वाईट?

हलकी फटफट असेल तर घाबरायचं कारण नाही. मोठे, कडक आवाज म्हणजे बाहेरची हवा कुठूनतरी आत शिरतेय आणि न जळलेलं पेट्रोल पाइपमध्ये पेटतंय. पहिला संशय जोडाच्या गळतीवर घ्या. थंड इंजिन सुरू करून जोडांवर साबणाचं पाणी सोडा. बुडबुडे आले तर गळती तिथेच.

गळती सेन्सरच्या आधी असेल तर नुकसान मोठं. सेन्सरला बाहेरचा ऑक्सिजन दिसतो, ईसीयूला मिश्रण लीन वाटतं, आणि तो पेट्रोल वाढवत राहतो. ॲव्हरेज पडतं, प्लग काळा होतो, आणि मालक मॅपला दोष देत बसतो. मॅप करण्याआधी गळती बंद झालीच पाहिजे.

फ्युएलसाठी काय घ्यावं: पिगीबॅक की ईसीयू फ्लॅश?

नुसता फिल्टर आणि कन्व्हर्टर ठेवलेला स्लिप-ऑन एवढंच असेल, तर कित्येक गाड्यांना काहीच लागत नाही. ते आधी तपासा. बीएस6 गाड्यांच्या सीटखाली बहुधा लाल रंगाचा सहा पिनांचा कनेक्टर असतो. त्याला ॲडॅप्टर लावून स्कॅनरवर फ्युएल ट्रिमचे, म्हणजे ईसीयूने पेट्रोल किती टक्के वाढवलं-घटवलं याचे, आकडे बघा. इंजिन गरम असताना, एका वेगाला, लाँग टर्म ट्रिम अधिक-उणे 10 टक्क्यांत असेल तर ईसीयूने बदल पचवला. अधिक 15 च्या वर असेल तर हवा जास्त आहे किंवा गळती आहे. हे आकडे निवांत चालवण्याचे आहेत. पूर्ण रेसची खात्री मिश्रणाचा नेमका आकडा दाखवणाऱ्या वाइडबँड सेन्सरनेच होते.

पिगीबॅक हा ईसीयू आणि इंजेक्टरच्या मध्ये बसणारा डबा. भारतात पॉवरट्रॉनिक आणि फ्युएलएक्स ही नावं ओळखीची आहेत. काही पिगीबॅक फक्त पेट्रोल बदलतात, काही इग्निशनचं टायमिंग, म्हणजे प्लगची ठिणगी पडण्याची वेळही. सोय ही, की काढलं की गाडी मूळ रूपात येते. मर्यादा ही, की निवांत चालताना तुम्ही वाढवलेलं पेट्रोल ईसीयू सेन्सर बघून परत काढून घेतो. म्हणून बदल फक्त जास्त रेसच्या भागात करायचे.

फ्लॅशमध्ये ईसीयूमधला तक्ताच नवा लिहितात. काम सुबक होतं. पण सर्व्हिस सेंटरमध्ये सॉफ्टवेअर अपडेट झालं की ते पुसलं जातं, आणि वॉरंटीच्या वादात ते उघड दिसतं.

सेन्सरच्या वायरीत रेझिस्टर टाकून ईसीयूला फसवणारा स्वस्त तुकडा घेऊ नका. तो सगळीकडे सारखंच पेट्रोल ओततो, जिथे नको तिथेही. कच्चं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जळून त्याची जाळी वितळते.

डायनोवर (चाकावरची ताकद मोजणाऱ्या यंत्रावर) गेल्यावर ट्युनरकडे काय मागायचं?

आधीचा आणि नंतरचा आलेख एकाच कागदावर, एकाच दिवशी, एकाच गिअरमध्ये काढलेला, आणि त्याखाली लॅम्डाची रेघ. नुसता कमाल बीएचपीचा आकडा घेऊन परत येऊ नका.

बोलणं लॅम्डामध्येच करा. शुद्ध पेट्रोलला पूर्ण जळायला 14.7 पट हवा लागते, ई20 ला (20 टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलला) साधारण 13.5 पट. मीटर पेट्रोलवर लावलेला असेल तर ई20 भरूनही तो 14.7 च्याच हिशोबात आकडा दाखवतो, आणि घोळ होतो. लॅम्डा मात्र इंधन कुठलंही असो, तोच. पूर्ण रेसला 0.87 ते 0.90 हे रस्त्यावरच्या गाडीला सुरक्षित आणि जोरदार. 0.95 च्या वर पूर्ण रेस दिलीत तर हेड तापतं. निवांत चालताना 1 च राहू द्या.

टायमिंग पुढे घेतलं असेल तर नॉकिंग (मिश्रण अवेळी पेटल्याचा आवाज) ऐका: मेच्या दुपारी, मागे माणूस बसवून, चढावर, मोठ्या गिअरमध्ये. डब्यात खडे हलवल्यासारखा बारीक खडखडाट आला तर टायमिंग मागे घ्यायला लावा. डायनोसमोर मोठा पंखा असतो; कळवा नाक्याच्या सिग्नलला नसतो.

ई20 मुळे वेगळं काही करावं लागतं का?

इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलपेक्षा साधारण तिसरा हिस्सा ऊर्जा कमी, त्यामुळे ई20 मध्ये एकूण 6-7 टक्के कमी. तेवढी ॲव्हरेजची घट ट्युनिंगच्या माथी मारू नका. मॅप मात्र ई20 भरूनच करून घ्या, कारण रोज तेच भरणार आहात. 100 ऑक्टेनचं महाग पेट्रोल टायमिंग न बदलता भरलं तर ताकद वाढत नाही.

इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. पावसाळ्यात गाडी तीन-चार आठवडे उभी राहणार असेल तर टाकी भरून ठेवा, म्हणजे आत दमट हवेला जागा कमी उरते.

चेक इंजिनचा दिवा लागला. आता?

कोड वाचल्याशिवाय पुसू नका. पी 0171 म्हणजे मिश्रण लीन: गळती, सैल इनटेक रबर किंवा जास्त मोकळा फिल्टर. पी 0172 म्हणजे रिच, म्हणजे पेट्रोल जास्त: पिगीबॅकचं जादा पेट्रोल किंवा तेलाने भिजलेला फिल्टर. एप्रिल 2025 पासूनच्या ओबीडी-2बी (गाडीने स्वतःचे दोष ओळखण्याचा नियम) गाड्या कन्व्हर्टर काम करतोय का यावरही नजर ठेवतात, तेव्हा तो काढला तर दिवा लागणं स्वाभाविक आहे.

पोलीस आणि आरटीओचं काय?

एमएच-04 असो की एमएच-43, कायदा एकच. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 नुसार गाडीत उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत फेरफार करता येत नाही. कलम 182अ मध्ये अशा फेरफारासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद आहे, किंवा दोन्ही. आवाज आणि धुराच्या मानकांसाठी कलम 190(2) लागतं: 10,000 रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, आणि तीन महिने लायसन्स अपात्र.

आवाजाची मर्यादा उत्पादनाच्या वेळी 80 ते 175 सीसीला 77 डेसिबल आणि त्यावर 80 डेसिबल आहे. ती ठरलेल्या अंतरावरून धावती गाडी मोजून घेतात. दर 10 डेसिबलला कानाला आवाज जवळपास दुप्पट वाटतो. «ई-मार्क» छापलेला डबा युरोपातल्या नियमांचा असतो, इथे तो परवाना होत नाही. डीबी किलर काढून तर तो तिथेही चालत नाही. नेरुळ किंवा वागळे इस्टेटच्या रुग्णालयांभोवतीचा 100 मीटरचा शांतता क्षेत्राचा पट्टा तुमच्या रोजच्या वाटेवर असेल, तर कंपनीचा डबाच ठेवा. पहाटे पाचला आतल्या आजारी माणसाची झोप मोडणं कुठल्याही एक-दीड बीएचपीच्या मोलाचं नाही.

हे सगळं करून नक्की किती फरक पडतो?

फिल्टर आणि स्लिप-ऑनने लहान सिंगल सिलेंडरला बहुधा एक बीएचपीच्या आतबाहेर. नीट मॅप केला की आकडा थोडाच वाढतो, पण खालून वर जाताना मध्ये येणारा खड्डा भरतो आणि गाडी अडखळत नाही. पैशाचं खरं मोल तिथे आहे.

फक्त ट्रॅफिकमधला पिकअप हवा असेल तर पुढचं स्प्रॉकेट बघा. 15 दातांऐवजी 14 केलं की गिअरिंग साधारण 7 टक्क्यांनी आखूड होतं आणि मागच्या चाकावरचा जोर तेवढाच वाढतो. हायवेला त्याच वेगात आरपीएम जास्त राहतो, एवढी किंमत. चेनचा ढिलेपणा नव्याने लावा, आणि स्विंगआर्मवरच्या रबरी पट्टीला चेन घासते का ते महिन्याने बघा.

काढलेले पार्ट्स विकून टाकू का?

नको. वॉरंटीच्या कामाला, पीयूसीच्या शंकेला आणि गाडी विकताना तेच लागतात. सायलेन्सर आतून कोरडा करून, दोन्ही तोंडं फडक्याने बंद करून आडवा ठेवा. खाडीच्या खाऱ्या हवेत उघडा राहिला तर एका पावसाळ्यात आतून गंजतो. नट, रबर बुश आणि क्लॅम्प एका पिशवीत भरून ती पिशवी सायलेन्सरलाच बांधा.